घरात मराठी, बाहेर हिंदी: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारच्या मराठी क्लासमुळे माझ्याकडे वर्षभर तेच तेच प्रश्न येत राहतात, राजेंद्रनगरच्या आज्यांचे, सुदामानगरच्या हिंदी माहेरच्या सुनांचे, आणि आता पुण्या-बेंगळुरूला नोकरीला गेलेल्या इंदुरी पोरांचेसुद्धा, व्हॉइस नोट तर एवढ्या मोठ्या की कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. म्हणून एकदाचं लिहून टाकलं. प्रश्न जसे आले तसेच आहेत, फक्त नावं काढलीत. एखादी गोष्ट दुसरीकडे सांगितली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. ताई, घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. पोरगा कन्फ्यूज नाही होणार?

नाही होणार. ही भीती जुनी आहे, एके काळी मोठमोठे शास्त्रज्ञपण असंच म्हणायचे. मग १९६२ मध्ये मॉन्ट्रियलला एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट या दोघांनी दहा वर्षांची मुलं तपासली, काहींना फ्रेंच-इंग्रजी दोन्ही येत होत्या, काहींना एकच, आणि दोन भाषावाली मुलं मागे पडली नव्हतीच, उलट बऱ्याच चाचण्यांत पुढे निघाली. तुमचा पोरगा "आई, मला वो वाली गाडी दे ना" म्हणतो तेव्हा तुम्हाला वाटतं खिचडी झाली. पण तोच पोरगा शेजारच्या मित्राशी भांडताना मधे मराठी घालतो का? नाही घालत. म्हणजे समोरच्याला काय समजतं हे त्याला पक्कं माहितीये, घरात दोन्ही चालतं म्हणून तो दोन्ही वापरतो. आणि खरं सांगा, तुम्ही स्वतः दिवसभर काय करता?

२. दोन वर्षांची झाली, फार कमी बोलते. सासूबाई म्हणतात दोन भाषांमुळे.

शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजा. "पाणी" एक, "जूता" एक. एकाच भाषेतले मोजले तर कमी दिसणारच, एकत्र मोजले की बहुतेक वेळा एकभाषी मुलांच्या बरोबरीनी येतात. पण दोन वर्षांची होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा हाक मारली तर वळून बघत नसेल, तर भाषेला दोष देत बसू नका, कान तपासून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. दोन भाषांमुळे असेल म्हणून थांबण्यातच वेळ जातो. अडखळण्याबद्दल प्रश्न १४ बघा.

३. सगळं समजतं त्याला. पण आम्ही मराठीत विचारलं की उत्तर हिंदीतच देतो. काय करावं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा बसून सांगते.

ऐकून समजणं आणि बोलणं ही दोन वेगळी कामं आहेत. समजताना शब्द समोरून येतो, आपल्याला फक्त ओळखायचा असतो. बोलताना तो आपल्यालाच शोधून काढावा लागतो, त्याला लिंग-वचन-प्रत्यय लावायचा आणि तेही समोरचा वाट बघत असताना. कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं पूर्ण फ्रेंचमधून शिकवणाऱ्या शाळांत जातात, त्यांच्यावर मेरिल स्वेननी काम केलं आणि १९८५ मध्ये मांडलं की वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून मुलांचं समजणं जवळजवळ फ्रेंच मुलांइतकं होतं, पण बोलण्या-लिहिण्यात व्याकरण कच्चंच राहतं, कारण त्यांना पूर्ण वाक्य बोलायची वेळच फार येत नाही. आपल्या घरी तेच होतं. तो "पानी दे दो" म्हणतो, तुम्ही पाणी देता, काम झालं. मग त्यानी मराठी कशाला काढायची?

बेल्जियममध्ये ॲनिक डे हाउवर यांनी सुमारे १९०० कुटुंबांचा सर्व्हे केला होता, ज्यांच्या घरात बाहेरच्यापेक्षा वेगळी भाषा बोलली जायची. जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या घरात मुलं ती भाषा बोलतच नव्हती. कुठे टिकली? जिथे आईबाबा दोघंही घरात ती भाषा बोलत होते आणि बाहेरची भाषा घरात कमी आणत होते तिथे जास्त. म्हणजे आई मराठी बोलते पण बाबा ऑफिसहून आले की "चलो बेटा" सुरू, तिथे दोरी सैल पडते.

मग करायचं काय. "मराठीत बोल, मराठीत बोल" असा धोशा लावू नका, त्यानी बोलणंच बंद होतं. त्यापेक्षा पर्याय देऊन विचारा, "पोहे हवेत की उपमा?" म्हणजे उत्तर तुमच्या प्रश्नातच पडलेलं असतं, त्याला फक्त उचलायचं. मग हळूहळू "का?" आणि "मग काय झालं?" वर या. आणि एखादा माणूस असा शोधा ज्याला हिंदी सोयीची नाही. साताऱ्याची पणजी फोनवर असेल तर सोन्याहून पिवळं. पोरं फार हुशार असतात, आजीला हिंदी उत्तम येते हे त्यांना माहिती असतं, त्यामुळे "मला नाही समजलं" हे नाटक आजीनी केलं तर दोन दिवस चालतं.

४. माझं वय ५२. लग्नाला इतकी वर्षं झाली, आता मराठी येईल का? लहान मुलंच पटकन शिकतात ना?

पटकन तर मोठी माणसंच शिकतात, सुरुवातीला तरी. नेदरलँड्समध्ये येऊन डच शिकणाऱ्या इंग्रजीभाषी लोकांचा १९७८ चा एक अभ्यास आहे, कॅथरीन स्नो आणि मारियान हूफनागल-हुले यांचा. पहिल्या काही महिन्यांत मोठे आणि १२ ते १५ वर्षांची मुलं पुढे होती, आणि तीन ते पाच वर्षांची चिल्लीपिल्ली सगळ्यात मागे. लहान मुलं नंतर गाठतात, कारण त्यांच्याकडे वेळ असतो आणि लाज नसते. २०१८ मध्ये हार्टशॉर्न, टेनेनबॉम आणि पिंकर यांनी सुमारे पावणेसात लाख लोकांची इंग्रजी ग्रामरची ऑनलाइन चाचणी तपासली, त्यात व्याकरण आत्मसात करायची ताकद साधारण १७-१८ वर्षांपर्यंत टिकते आणि मग घसरते असं निघालं, त्यावर अजून वाद चालू आहे. पण घसरते म्हणजे संपते असं नाही. ५२ ला उच्चारात हिंदी राहील, प्रश्न १० बघा. बाकी भाजीच्या भावापासून नणंदेच्या तक्रारीपर्यंत सगळं मराठीत जमेल.

५. किती दिवसांत येईल?

अमेरिकी सरकार आपल्या राजदूतांना हिंदी शिकवायला ४४ आठवडे, म्हणजे वर्गातले साधारण ११०० तास धरतं. पण ते इंग्रजीवाले. तुम्हाला हिंदी येते, लिपी तीच, वाक्यात क्रियापद शेवटी तेच, अर्धे शब्द ओळखीचे, तर एवढं लागणार नाही. घरात रोज कानावर पडत असेल आणि रोज थोडं बोललात तर वर्षभरात रोजचं बोलणं निघतं. आठवड्यातून एकदा क्लासला येऊन बाकी सहा दिवस हिंदी, तर मग माझ्याकडे पण जादू नाही.

६. हळदीकुंकवाला उखाणा घ्यायला लावतात, मी बोलले की सगळ्याजणी हसतात. प्रेमानी हसतात हो, पण आता तोंडच उघडत नाही.

प्रेमानी हसल्या तरी मेंदूला कुठे कळतं. १९८६ मध्ये एलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी भाषा शिकताना वाटणारी धास्ती मोजायला ३३ वाक्यांची एक प्रश्नावली केली, आणि त्यांचं म्हणणं असं की ही नेहमीची घाबरट वृत्ती नाही, वेगळीच भीती आहे. एरवी बँकेत मॅनेजर असलेली बाई परक्या भाषेत पाच वर्षांच्या पोरासारखी बोलते, आपण जेवढ्या हुशार आहोत तेवढ्या दिसतच नाही, आणि ते फार लागतं. मग डोकं अर्धं शब्द शोधतं आणि अर्धं समोरच्याचा चेहरा वाचत बसतं, म्हणून येणारा शब्दपण येत नाही. स्टीफन क्रॅशननी १९८० च्या सुमारास यालाच भावनेची गाळणी म्हटलं, भीती असली की कानावर पडलेलं आत उतरत नाही. त्याच्या बाकीच्या थिअरीवर लोकांनी पुष्कळ टीका केलीये पण ही गोष्ट शिकवणाऱ्या प्रत्येकानी डोळ्यांनी बघितलेली आहे.

एक गमतीचा प्रयोगपण आहे, १९७२ चा, अलेक्झांडर गियोरा नावाच्या संशोधकाचा. लोकांना थोडीशी दारू पाजून थाई भाषेतले शब्द म्हणायला लावले तर थोड्या डोसला उच्चार सुधारले, कारण संकोच सैल पडला. हा उपाय हळदीकुंकवाला सुचवत नाहीये मी, भलतं काही मनात आणू नका.

उखाणा मात्र पाठच करा, चांगला दोन ओळींचा, आणि ठसक्यात म्हणा. तयार वाक्यं पाठ असणं ही फसवणूक नाही, लहान मुलंसुद्धा आधी अख्खी वाक्यंच उचलतात आणि नंतर मोडून बघतात. बाकी गप्पांसाठी घरातलं एक माणूस पकडा जे हसत नाही. बऱ्याच घरांत ते सासरे निघतात. आणि सासूबाईंनो, तुमच्यासाठी: सुनेच्या चुकीचा किस्सा पाहुण्यांसमोर सांगायचा नाही, कितीही मजेदार असला तरी.

७. मग चूक दुरुस्त करायचीच नाही का?

करायची, पण कधी आणि कशी ते बघून. पिट कॉर्डरनी १९६७ मध्येच सांगितलंय की शिकणाऱ्याची चूक म्हणजे निष्काळजीपणा नाही, त्याच्या डोक्यात आत्ता कुठला नियम चालू आहे त्याचा पुरावा आहे. सून "मी पुस्तक वाचली" म्हणते कारण तिच्या हिंदीत पुस्तक बाईमाणूस आहे. चूक किती पद्धतशीर आहे बघा.

आपण सहसा काय करतो, "हो का, वाचलंस पुस्तक? कसं होतं?" असं बरोबर रूप हळूच परत म्हणतो. छान आहे, गप्पा तुटत नाहीत. पण रॉय लिस्टर आणि लायला रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातले फ्रेंचचे वर्ग तपासले, तिथे शिक्षक निम्म्याहून जास्त वेळा हेच करत होते आणि साधारण एक तृतीयांश वेळाच मुलांकडून काही प्रतिसाद यायचा. बाकी वेळा मुलांना वाटायचं, टीचर आपल्याशी सहमत आहेत! म्हणून अधूनमधून थांबून तिलाच विचारा, "पुस्तक वाचली, की…?" आणि गप्प बसा. तिनी स्वतः शोधून काढलं की ते राहतं. एका वेळी एकच चूक धरा, आठवडाभर फक्त पुस्तक-घर-दूध, बाकी सोडून द्या. ती रडवेली होऊन काही सांगत असेल तेव्हा तर अजिबात नाही. वर्षानुवर्षं न जाणारी चूक असेल तर प्रश्न १३.

८. आधी ग्रामर की आधी बोलणं?

मोठ्यांना थोडं ग्रामर सांगितलेलं फायद्याचं असतं, कारण जे लक्षातच आलं नाही ते कानावर हजार वेळा पडूनही निसटतं. मराठीत तीन लिंगं आहेत, हिंदीत दोन, हे एकदा सरळ सांगून टाका. "आपण" आणि "आम्ही" मधला फरकपण सांगा, आणि इथे इंदूरवाल्यांची चैन आहे कारण इंदुरी हिंदीत "अपन" आहेच, "अपन चलेंगे" मध्ये समोरचापण धरलेला असतो, फक्त तो धागा पकडून द्यायचा. लहान मुलांना मात्र नियम नको, खेळ आणि गोष्टीच.

९. शब्द पाठ करते, वहीत लिहिते, बोलताना एक आठवत नाही.

कारण तुम्ही वही वाचता, आठवत नाही. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग आहे, एका गटानी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानी एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्यानी आठवणारे. म्हणून वही झाका आणि आठवा, नाही आठवलं तरी आधी झटापट करा मग बघा. दुसरं म्हणजे अंतर. एबिंगहाउसनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या दिवसातच भराभर गळतं आणि मग गळती मंदावते. एका रात्रीत पन्नास शब्द करण्यापेक्षा दहा शब्द आज, उद्या, चार दिवसांनी, पंधरा दिवसांनी. आणि शब्द एकटा नको, "कोथिंबीर निवडते" असा जोडीनी.

१०. ळ येत नाही. "शाला" म्हणते. जीभ वळतच नाही.

जिभेआधी कान. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीचे त आणि ट ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता, दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना नाही. वर्षाच्या आतच कान ठरवून टाकतो की आपल्या घरात काय लागतं. तुमच्या कानाला ळ आणि ल एकच वाटत असेल तर जीभ काय करणार. म्हणून आधी फक्त ओळखायचं, मी "काळा-काला", "माळा-माला" उलटसुलट म्हणते, तुम्ही बोट वर करायचं. मग जिभेचं टोक ट ला जातं तिथे मागे नेऊन ल म्हणा. मालवी बोलणाऱ्यांना हे जड जात नाही, मालवीत ळ आहे. चहातला च आणि चांगल्यातला च वेगळे आहेत, ते लिपीत दिसत नाही, ऐकूनच येतं. तरी थोडी हिंदी लकब राहिलीच तर राहू दे, समजलं म्हणजे झालं.

११. मराठी सीरियल आणि ॲप लावून दिलं तर मुलगी शिकेल का?

अगदी लहान असेल तर त्याच्यावर भिस्त ठेवू नका. २००३ मध्ये पॅट्रिशिया कुल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली, १२ बैठका. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून ऐकणारी बाळं चिनी ध्वनी ओळखायला लागली, तेच टीव्हीवर किंवा नुसतं ऑडिओवर ऐकणारी नाही. मोठ्यांसाठी सीरियल चांगली, पण पोळ्या लाटता लाटता नाही, नंतर कोणाला तरी गोष्ट मराठीत सांगा. सानंद या मराठी संस्थेची नाटकं इंदूरला होतात, तिथे न्या, पण आधी कथानक सांगून न्या, नाहीतर विनोदावर सगळा हॉल हसतो आणि सुनबाई इकडेतिकडे बघते.

१२. लहानपणी आजीची मराठी ऐकली होती, नंतर सुटली. ते सगळं वाया गेलं का?

नाही गेलं. कॅलिफोर्नियात २००२ मध्ये असा अभ्यास झाला, लहानपणी नुसती स्पॅनिश कानावर पडलेल्या आणि पुढे कॉलेजात शिकायला बसलेल्या मुलांवर. त्यांचे उच्चार नव्यानी शिकणाऱ्यांपेक्षा खूपच अस्सल निघाले. व्याकरणात मात्र काही खास फायदा दिसला नाही. म्हणून असे लोक क्लासमध्ये पहिल्या दिवशी वाहवा घेतात आणि दुसऱ्या महिन्यात वैतागतात. ग्रामरला मेहनत सगळ्यांसारखीच. आरत्या पाठ असणाऱ्यांनापण हेच, सूर पक्का आहे, वाक्य अजून बनवायचं आहे.

१३. सून खूप वर्षांपासून छान बोलते, पण "माझी पुस्तक" काही जात नाही. का?

लॅरी सेलिंकरनी १९७२ मध्ये याच गोष्टीवर बोट ठेवलं. शिकणाऱ्याची एक मधलीच भाषा बनते, ना धड हिंदी ना धड मराठी, तिचे स्वतःचे नियम असतात, आणि काम भागायला लागलं की त्यातल्या काही चुका दगडासारख्या बसतात. सगळ्यांना समजतंय, स्वयंपाक अडत नाही, मेंदू म्हणतो चालतंय की. माझं मत, तिला स्वतःला खटकत असेल तरच हात घाला. खटकत असेल तर तिचंच बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ऐकवा, वेगानी बोलताना जे दिसत नाही ते ऐकताना दिसतं. नसेल खटकत, तर पुस्तक स्त्रीलिंगी राहिलं म्हणून राजवाडा पडत नाही.

१४. मुलगा बोलताना अडखळतो. एकानी सांगितलं मराठी बंद करा. करू?

दोन भाषांमुळे अडखळणं सुरू होतं याला पक्का आधार नाही. ऑटिझम असलेल्या मुलांबद्दलपण हाच सल्ला सर्रास देतात, आणि तिथेही दोन भाषांनी नुकसान होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट ज्या भाषेत आजी लाड करते तीच बंद केली तर मुलाशी बोलणारी माणसंच कमी होतात. स्पीच थेरपिस्टला जरूर दाखवा, आणि घरी दोन भाषा आहेत हे पहिल्या भेटीतच सांगा म्हणजे तपासणी दोन्हीत होईल.

१५. पुण्याला बदली झाली. मुलगी सहावीत. मराठी बोलते मस्त, मग पेपरात नापास कशी?

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानी सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली, त्यामुळे हा प्रश्न दर जूनला येतो. जिम कमिन्स म्हणतात गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा वेगळी, पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात लागू शकतात. मैत्रिणींशी बोलताना हातवारे असतात, प्रसंग समोर असतो, "कवीच्या मनातील भाव स्पष्ट करा" मध्ये काहीच समोर नसतं. देवनागरी आधीच येते म्हणून ती धडा घडाघडा वाचते आणि शिक्षकांना वाटतं समजलं. वाचून झालं की "काय झालं यात?" विचारा, हिंदीत सांगितलं तरी चालेल, मग मराठीत लिहायला लावा.

१६. आमची इंदुरी मराठी. "मी येऊन राहिलोय" म्हणतो. पुण्याचे लोक नाक मुरडतात. हेच शिकवू का मुलांना?

हेच शिकवा. भिया, जी मराठी घरात नाहीच बोलली जात ती मूल कोणाकडून शिकणार? पुस्तकी रूप वाचनातून नंतर मिळतं, एकाच भाषेची दोन रूपं सांभाळणं मुलांना जड जात नाही. पण "आपली मराठी खराब आहे गं" असं आईच म्हणत राहिली तर मूल ती बोलायची कशाला असंच ठरवतं.

१७. नातू पंधरा वर्षांचा. सरळ म्हणतो, मला मराठी शिकायचीच नाही.

लॅम्बर्ट आणि रॉबर्ट गार्डनर १९५९ पासून सांगत आलेत की बुद्धीइतकंच महत्त्वाचं काय, तर त्या भाषेच्या माणसांत मिसळावंसं वाटतं का, किंवा निदान तिचा काही उपयोग दिसतो का. पंधराव्या वर्षी आजोबांच्या भाषेत मिसळावंसं कोणाला वाटतं! उपयोगपण इंदूरला दिसत नाही, सगळं हिंदीत भागतं. "आपली संस्कृती" चं लेक्चर दिलंत तर तो अजून लांब जाईल. क्लासला ढकलू नका. तुम्ही तुमच्या बाजूनी मराठीच बोलत राहा, तो हिंदीत उत्तर देऊ दे, समजणं तरी टिकतं. गणपतीत त्याला काम द्या, स्टेजमागचं, साउंडचं, जिथे सूचना मराठीत येतात आणि त्याच्या मराठीकडे कोणाचं लक्ष नसतं. पुण्याच्या मावसभावंडांबरोबर सुट्टीत सोडा, म्हातारी माणसं आसपास नकोत. आणि पाहुणे आले की "ह्याला मराठी येतच नाही हो" असं त्याच्यासमोर म्हणता ना, ते आजपासून बंद.